चिऱ्याची भिंत आणि भिंतीतले स्पीकर

गोव्यात घर बांधताना भिंतीत बसवायचे स्पीकर बहुधा सजावटीच्या यादीत जातात: टाइल्स, पडदे, दिवे, आणि शेवटी हे. ते मला पटत नाही. भिंतीतला स्पीकर ही ध्वनिशास्त्रातली फार जुनी आणि पक्की कल्पना आहे.

1925 साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकात हलणारी कॉइल आणि तिला जोडलेला कोन (शंकूच्या आकाराचा पडदा) अशा स्पीकरवरचा निबंध प्रसिद्ध केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लहरी कडेवरून वळून एकमेकींना पुसून टाकतात. मध्ये अखंड भिंत आली की हा प्रश्नच मिटतो. म्हणून त्या काळचे हौशी लोक थेट भिंतीत किंवा कपाटाच्या दारात भोक पाडून वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर, बसवत.

1954 मध्ये एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि लहान पेटीतून खोल बेस काढून दाखवला. 1958 पासून स्टीरिओ रेकॉर्ड आल्या, घरोघरी दोन-दोन स्पीकर लागू लागले आणि पेटी जिंकली. भिंतीत मोठे मॉनिटर स्पीकर बसवणं चालू राहिलं ते स्टुडिओंमध्ये.

घरातल्या भिंतीकडे बाजार परत वळला तो 1982 च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या सोनान्स कंपनीमुळे. अमेरिकेतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा, वर जिप्समचा पत्रा आणि आत जेमतेम 9 सेंटिमीटरची पोकळी. स्पीकर त्या मापाने उथळ झाले. पत्रा थरथरायचा, पोकळीचं आकारमान ठरलेलं नसायचं, आवाज पलीकडच्या खोलीत जायचा. मागे स्वतःची बंद पेटी आणि कडक चौकट आली तेव्हा कुठे हे स्पीकर गंभीर श्रोत्याच्या कामाचे झाले.

आता मुख्य मुद्दा. मोकळ्या ठेवलेल्या पेटीचा खालचा आवाज मागेही पसरतो, वरचा पुढेच जातो. 25 सेंटिमीटर रुंद पेटीत हा बदल साधारण 450 हर्ट्झच्या आसपास होतो, म्हणजे गळ्याच्या आणि तानपुऱ्याच्या भरावाच्या पट्ट्यातच. शिवाय पेटीचा कोन भिंतीपासून मीटरभर पुढे असेल तर मागून परतलेली लहर 85 हर्ट्झजवळ खड्डा पाडते. भिंतीत बसवलेल्या स्पीकरला हे दोन्ही दोष नाहीत. पण त्याचा क्रॉसओव्हरही, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगळे करणारं सर्किट, भिंतीसाठीच बांधलेला हवा. पेटीतला स्पीकर काढून भिंतीत बसवला तर खालचा आवाज फुगतो. ज्या भूमीने केसरबाई केरकर दिल्या, तिथे गायकी ऐकण्यासाठी एवढी काळजी घ्यायलाच हवी.

गोव्यातली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत जड आणि ठाम असते, थरथरत नाही. स्पीकरची बैठक म्हणून अमेरिकी भिंतीपेक्षा कितीतरी सरस. अडचणी दोन. तिला पोकळी नसते, आणि चिरा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात ओल धरतो. म्हणून बाहेरची भिंत टाळून आतली निवडावी, बंद पेटीचाच स्पीकर घ्यावा, कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबराची असावी. जुन्या घरात भार पेलणारी भिंत इंजिनिअरला विचारल्याशिवाय कोरू नये; तिच्यापुढे मजबूत सांगाड्याची वेगळी भिंत उभी करता येते. नव्या घरात कोनाडे आणि वायरच्या नळ्या गिलाव्याआधीच ठरवाव्या लागतात.