स्वयंसेवी संस्थेला पार्किंग शुल्कात सवलत हवी असेल तर: ठाण्यात अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

नौपाड्यात आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर बेड (डोक्याकडचा भाग वर-खाली करता येणारा रुग्णाचा बेड) अनामत रक्कम घेऊन वापरायला देतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की मुलगा किंवा जावई टेम्पो घेऊन येतो. बेडचे दोन भाग, मधली चौकट, आणि डोक्याकडच्या भागाला सुतळीने बांधलेली नटबोल्टची पिशवी. हे सगळं जिन्यावरून खाली आणून चढवायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत त्या माणसाचं अर्धं लक्ष गल्लीच्या तोंडाशी असतं, कारण पोलिसाने मोबाइल वर धरला की ई-चलान आलंच.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही महापालिकेकडे पार्किंगमध्ये सवलत मागायचं ठरवलं. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘संस्थेच्या चार गाड्यांसाठी कायमस्वरूपी मोफत जागा मिळावी.’ बैठकीत आमच्या खजिनदार काकूंनी तो कागद वाचला आणि एवढंच विचारलं, “या चार गाड्या कुणाच्या?” त्या विश्वस्तांच्या होत्या. बेड न्यायला येणाऱ्या माणसाचा उल्लेखच मसुद्यात नव्हता. तो मसुदा तिथेच फाडला. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, तलावपाळी, जांभळी नाका या पट्ट्यात आमच्यासारख्या अनेक संस्था आहेत. मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ पासून आहे. गाड्यांचा प्रश्न सगळ्यांचा एकच आहे.

आधी जागा कुणाची ते पाहा

अर्धे अर्ज इथेच चुकतात. स्टेशनलगतच्या रेल्वेच्या जमिनीवरचं वाहनतळ रेल्वेचं, तिथे महापालिकेचा शब्द चालत नाही. गावदेवी मैदानाखालचं भूमिगत वाहनतळ महापालिकेच्या अखत्यारीतलं. रस्त्याच्या कडेचा मामला दुहेरी असतो. गाडी कुठे उभी करायची हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ खाली ठरतं आणि त्यात वाहतूक पोलिसांचा वाटा मोठा असतो. शुल्काचा विषय मात्र महापालिकेचा. पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखेचा नियम असलेल्या रस्त्यावर सामान चढवायला जागा हवी असेल, तर एक अर्ज आयुक्तांना आणि दुसरा वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना द्यावा लागतो. एकाला देऊन दुसऱ्याला नुसती प्रत पाठवली तर दोन्ही फायली एकमेकींची वाट बघत बसतात.

पात्रता

नोंदणी ही पहिली अट. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचा न्यास, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था, किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ ची ना-नफा कंपनी. गृहनिर्माण सोसायटी यात बसत नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाने आधी नोंदणी करून घ्यावी. तोवर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या उपक्रमात सामील होऊन काम करता येतं.

पण नोंदणी झाली म्हणजे सवलतीवर हक्क आला असं मानू नका. धर्मादाय नोंदणी असलेली मोठी रुग्णालयं आहेत, भरपूर फी घेणाऱ्या शाळा आहेत. त्यांच्या आवारातल्या गाड्यांचं भाडं शहराने का सोसावं? सवलत देणारा कायदा महाराष्ट्राला नवा नाही आणि त्याची रीत पाहण्यासारखी आहे. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे धर्मादाय नावाचा लाभ अखेर रुग्णापर्यंत पोचला पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही सामान्य करातून सूट आहे ती केवळ धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला, किंवा इमारतीच्या तेवढ्या भागाला. पाटी कुणाची आहे यापेक्षा वापर कशासाठी होतो ते तिथे बघितलं जातं. पार्किंगचा अर्जही याच रीतीने लिहावा, असं माझं ठाम मत आहे. मागणी कामाच्या तासांसाठी आणि त्या कामासाठी येणाऱ्या माणसासाठी करा. विश्वस्तांच्या गाड्या त्यात आणू नका.

सवलत द्यावी की नाही, हा प्रश्न अधिकारी विचारणारच

आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या मोटारीची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर धरली आहे, म्हणजे १२.५ चौरस मीटर. दुचाकीची १ बाय २ मीटर. नौपाड्यात एवढ्या जागेत माणसाची राहती खोली होते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर स्पष्ट म्हटलं आहे की पार्किंगचं शुल्क व्यापलेल्या जमिनीची खरी किंमत दाखवणारं असावं आणि त्यातून सार्वजनिक वाहतुकीला बळ मिळावं. आपल्याला माफ झालेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जातो. कळव्याहून, मुंब्र्याहून, दिव्याहून लोकलला लटकून येणाऱ्या आणि आयुष्यात गाडी न घेतलेल्या माणसाचाही त्यात वाटा असतो. हे मनात ठेवून लिहिलेला अर्ज वेगळा उतरतो.

तरीही सवलत मागावी, असं मी म्हणतो. रुग्णाचा बेड रिक्षात बसत नाही. व्हीलचेअरवरच्या वाचकाला बसमधून ग्रंथालयात आणता येत नाही. अशा ठिकाणी गाडीला पर्याय नसतो, आणि नेमकं तेवढंच काम अर्जात दाखवायचं असतं. ज्या कार्यकर्त्याला ठाणे स्टेशनवरून दहा मिनिटं चालत येता येतं त्याचं नाव यादीत घालू नये. आम्ही स्वतःची नावं काढली तेव्हा यादी चार गाड्यांवरून शून्यावर आली आणि मागणी फक्त साहित्य नेणाऱ्यांची उरली: सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, एका वेळी दोन गाड्या, प्रत्येकी अर्धा तास, सोबत त्याच दिवसाची संस्थेची पावती.

एक कायदेशीर अडचणही यातून टळते. ‘कायमची राखीव जागा’ मागितली की विषय महापालिकेची मिळकत वापरायला देण्याचा होतो आणि महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ समोर येतं. मिळकतीचा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी नसावा, असं ते सांगतं. ठरावीक वेळेपुरती शुल्कसवलत मागितली तर फाइलला निदान चालायला वाट राहते.

कागदपत्रं

नोंदणी प्रमाणपत्राबरोबर परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीचा, ताजा उतारा जोडा, ज्याला आपण पीटीआर म्हणतो. कलम ८ च्या कंपनीला तो नसतो, तिने निगमन प्रमाणपत्र जोडावं. खरी अडचण विश्वस्तांच्या नावांची येते. उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच आणि अर्जावर सही नव्या अध्यक्षांची, हे चित्र निम्म्या संस्थांत दिसेल. बदल झाल्यापासून ९० दिवसांत विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करायचा असतो. तो दाखल आहे पण निकाल नाही, अशी स्थिती असेल तर त्याची प्रत आणि पोच जोडा आणि अर्जात तसं एका ओळीत लिहा. लपवू नका, फाइल तिथेच अडते.

त्यानंतर मंडळाचा ठराव, त्यात सही करणाऱ्याचं नाव. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, असल्यास आयकर सवलतीची १२एबी आणि ८०जी ची पत्रं, मुदत तपासून. कार्यालयाच्या जागेचा पुरावा: मालमत्ता कराची पावती किंवा भाडेकरार. संस्थेच्या मालकीची गाडी असेल तर आरसी, विमा, पीयूसी. दिव्यांग लाभार्थी येत असतील तर त्यांच्या यूडीआयडी कार्डांची (दिव्यांग ओळखपत्रांची) संख्या लिहा. प्रती जोडू नका, ती त्यांची खासगी माहिती आहे.

सगळ्यात वजनदार कागद मात्र कुठल्याच कार्यालयातून मिळत नाही. तो म्हणजे वापराची नोंदवही. आम्ही दारापाशी एक लांब रेघांची वही ठेवली: तारीख, साहित्य, गाडी चारचाकी की टेम्पो, आली किती वाजता, गेली किती वाजता, कुठे उभी होती, शुल्क किती. तीन महिने. लोकांना पार्किंगची पावती मागितली तर देतात. पण ती छपाई उन्हाने आणि हाताच्या घामाने उडते. आमच्या पहिल्या महिन्याच्या पावत्या दुसऱ्या महिन्यात कोऱ्या झाल्या होत्या. पावती हातात आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि वहीत चिकटवा. वही असली की ‘खूप त्रास होतो’ हे वाक्य लिहावंच लागत नाही. तीन महिन्यांत किती फेऱ्या, किती मिनिटं आणि किती रुपये, हे आकड्यांत मांडता येतं. महापालिकेचं किती शुल्क बुडेल तेही त्यातूनच काढून द्या. लेखा विभाग तो आकडा मागणारच, आणि आपण दिला तर फाइलीवरच्या कार्यालयीन टिपणीत तोच जातो.

अर्ज आणि पुढचा प्रवास

लेटरहेडवर, ‘प्रति, मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका’. विषय एका ओळीत, मागणी पहिल्या परिच्छेदात, दोन पानांच्या आत. सोबत हाताने काढलेला का होईना, जागेचा नकाशा. पाचपाखाडीच्या मुख्यालयात देऊन आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नौपाडा-कोपरी प्रभाग समितीलाही एक प्रत द्या आणि तिचीही पोच घ्या.

पुढे टिपणी तयार होते, विधी आणि लेखा विभागाचे अभिप्राय येतात, आणि शुल्कात बदल असेल तर प्रस्ताव सभागृहासमोर जातो. मार्च २०२२ नंतर प्रशासक असताना हे अधिकार आयुक्तच वापरत होते. लोकप्रतिनिधी असतील तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला वही दाखवा. शिफारसपत्र मागण्याआधी वहीच दाखवा.

वाहनतळ ठेक्यावर असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. ठेकेदाराने निविदा भरताना पूर्ण उत्पन्न धरलेलं असतं. मधेच सवलत दिली तर तो महापालिकेकडे भरपाई मागेल, आणि दारावरच्या पोऱ्याशी आपल्या लाभार्थ्यांचे रोज वाद होतील ते निराळे. म्हणून ठेक्याची मुदत कधी संपते ते माहितीच्या अधिकारात विचारून ठेवा. अर्ज १० रुपयांचा, एकच विषय, १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मुदत कळली की नव्या निविदेच्या अटींतच ‘नोंदणीकृत संस्थेची त्या दिवसाची पावती दाखवल्यास अर्धा तास शुल्क नाही’ ही ओळ यावी, असं अर्जात लिहा. अट आधीच माहीत असली की बोली तिच्यासकट लागते.

नकार आला तर त्याच माहिती अधिकारातून टिपणीची प्रत मागा. कुठल्या विभागाने काय शेरा मारला ते कळतं आणि पुढचा अर्ज त्या शेऱ्याला उत्तर देणारा लिहिता येतो.

महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या काही महिने आधी. वही गणपतीच्या महिनाभर आधी सुरू करा, म्हणजे तीन महिने भरतात आणि दिवाळीच्या पणत्या उचलल्या की अर्ज आत जातो.