पाय मुरगळलेला बरा झाला, पण घोटा मोकळा झाला का?

(हौशी फुटबॉलवाल्यांसाठी आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकचं छोटं माहितीपत्रक)

कोल्हापुरात पेठेतल्या कुठल्याही पोराला विचारा, घोटा कधी मुरगळलाय का, तर तो उलट विचारणार, डावा सांगू का उजवा. शाहू स्टेडियमवर तालमीकडून खेळणारा असो नाहीतर ऑफिस सुटल्यावर टर्फवर तासभर खेळणारा, गोष्ट ठरलेली असते. पाय आत वळला, सूज आली, क्रेप बँडेज बांधलं, दोन आठवड्यांत दुखायचं थांबलं की गडी परत मैदानात. आणि मग दोन महिन्यांनी तोच पाय परत.

दुखणं गेलं म्हणजे घोटा बरा झाला असं आपण धरून चालतो, तिथंच गडबड आहे. दुखणं जातं पण जखडलेपणा राहतो, आणि तो दुखत नाही म्हणून कळतच नाही. टाच जमिनीवर ठेवून गुडघा बोटांच्या पुढं न्यायचा असतो तेव्हा नडगीखालचं टॅलस नावाचं हाड थोडं मागं सरकावं लागतं, मुरगळल्यानंतर बऱ्याच जणांचं ते नीट सरकत नाही. मग ब्रेक मारताना, वळताना, उडी मारून खाली येताना टाच लवकर उचलते नाहीतर तळपाय आत कोसळतो, आणि तो भार गुडघ्यावर आणि पोटरीवर जातो. गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्यांचा घोटाही आम्ही बघतो तो यामुळंच.

घरी तपासायचं असेल तर शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी घ्या. अनवाणी भिंतीकडं तोंड करून उभं राहा, अंगठा भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर, आता टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाय थोडा मागं घ्या, परत टेकवा, असं करत टाच उचलायच्या आधीचं शेवटचं अंतर मोजा. साधारण १० सेंटिमीटरच्या आसपास आलं तर चांगलं, पण त्यापेक्षा दोन्ही पायांत फरक किती ते बघा, २ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर त्या घोट्यावर काम पाहिजे. (तालमीत रोज बैठका मारतो, आमचा घोटा मोकळाच आहे असं सांगणारे भेटतात, पण देशी बैठकीत टाच उचललेली असते, त्यामुळं ही चाचणी त्यातून होत नाही. टाचा टेकवून उकिडवं बसून दाखवा म्हटलं की कळतं.)

आता महत्त्वाचं, गुडघा पुढं नेताना ताण कुठं येतो? मागं पोटरीत येत असेल तर स्नायू आखडलेत, त्याला स्ट्रेचिंग चालतं. भिंतीला हात लावून एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि सरळ गुडघ्यानं खालच्याला पुरेसा ताण बसत नाही. ३० सेकंद, तीन वेळा, रोज, आणि खेळून झाल्यावर करा, मॅचच्या तोंडावर लांबलचक स्ट्रेचिंग नको. सोबत पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, १२ ते १५ वेळा.

पण घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं, चिमटल्यासारखं होत असेल तर जोर लावून ताणू नका. तिथं सांधाच अडकतोय, आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांत कधीकधी हाडाची छोटी कोरही वाढलेली असते, डॉक्टरलोक त्याला फुटबॉलर्स अँकलच म्हणतात. असल्या घोट्याला जितकं रेटाल तितकं चिमटणार, आधी दाखवून घ्या.

क्लिनिकमध्ये आम्ही पहिल्या दिवशी दोन्ही पाय मोजतो, हातानं सांधा मोकळा करतो, रबर बँड लावून तीच हालचाल तुमच्याकडून करून घेतो. तेवढ्यानं लगेच एखाद-दोन सेंटिमीटर वाढलेलं दिसतं आणि माणूस खूष होतो, पण ते टिकत नाही हो, घरी रोज १० मिनिटं केलं तरच टिकतं. साधारण ४ ते ६ आठवडे धरा. मोकळा झालेला घोटा सांभाळायला तोलही लागतो, म्हणून एका पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून, मग बॉल पास करत, हेही करून घेतो. ते टाळणारेच परत येतात.

ताजा मुरगळला असेल तर तेल लावून रगडून घेऊ नका, कुणीही कितीही भारी मालिशवाला सांगितला तरी. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर आधी एक्सरे, मग आम्ही.

येताना हाफ पँट, खेळायचे बूट आणि जुना एक्सरे असेल तर तो आणा. पट्टी आमच्याकडं आहे.