विधानसभेचा उमेदवारी अर्ज: छाननीत बाद होतो तो या कारणांनी

छाननीच्या दिवशी वय २५ पूर्ण हवं. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव चालतं. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००; रोख किंवा चलनाने, चेक नाही. खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. इथपर्यंत फारसं कुणी अडत नाही.

घोळ सूचकांपासून, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपासून सुरू होतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवारालाही दहाच. उमेदवार बाहेरचा चालतो, सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा. सूचक अंगठा लावणार असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्या. गावातून अंगठा उमटवून आणलेला कागद टिकत नाही. तुमचं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीची प्रमाणित प्रत जोडा, नुसती झेरॉक्स नको.

एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचायला हवा, तोही शाईच्या मूळ सहीचा. बंडखोरीच्या भीतीने पक्ष तो शेवटच्या तासापर्यंत दाबून ठेवतात आणि भोगतो उमेदवार. एका अनामतीवर चार अर्ज भरता येतात. त्यातला एक दहा सूचकांच्या सह्यांनी, अर्जाच्या नमुन्यातल्या दुसऱ्या, अपक्षांसाठीच्या भागात भरून ठेवा. एबी फॉर्म आला नाही तरी अपक्ष म्हणून उभं राहता येईल.

नमुना २६ च्या, म्हणजे मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणाऱ्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा नको, नुसती रेघही नको. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं स्पष्ट लिहा. जोडीदाराचे आणि अवलंबितांचे रकाने हमखास सुटतात. कोरे रकाने दाखवून नोटीस मिळाल्यावरही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सगळ्यात वाईट वाटतं ते शपथेपायी अर्ज गेला की. संविधानाशी निष्ठेची ही शपथ अर्ज दिल्यानंतर घ्यायची आणि छाननीचा दिवस उजाडण्याआधी. छाननी सहसा अर्जाची मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी असते. म्हणजे शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याने त्याच दिवशी शपथ घ्यायला हवी. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ चालत नाही.

अर्ज घेतला म्हणजे तो वैध ठरला असं नाही. काय जोडलं, काय राहिलं याची तपासणी यादी देणं कार्यालयाचं काम आहे. गर्दीचं कारण सांगून टाळाटाळ झाली तरी सहीची यादी हातात पडल्याशिवाय निघू नका.