परत वाढलेलं वजन आणि शरीराची आठवण

"आठ किलो उतरवले होते, दहा परत चढले." शिवाजी पार्क असो की बोरिवलीचं एखादं उद्यान, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्याच्या मागोमाग दुसरं येतं: "आता परत शून्यापासून." पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं खरं नाही, आणि ते का खरं नाही हे कळलं तर पुन्हा सुरुवात करणाऱ्याच्या मनावरचं बरंच ओझं उतरेल असं मला मनापासून वाटतं.

आधी वजन परत का येतं ते पाहू. आपली जीभ सुटली, जिद्द कमी पडली, असं आपण स्वतःला सांगतो. घरचेही तेच सांगतात. पण मधुमेहाचं एक औषध आहे, त्याने रोज जवळपास ३६० कॅलरींची साखर लघवीवाटे निघून जाते. औषध घेणाऱ्याला ते जाणवत नाही. तो डाएटवर नसतो, मनाला मुरड घालत नसतो, त्याचं रोजचं जेवण चाललेलं असतं. साध्या हिशेबाने त्याचं वजन दीर्घकाळ उतरत राहायला हवं. प्रत्यक्षात ते काही किलो उतरून थांबतं. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या रुग्णांच्या वजनाच्या नोंदींवरून गणित मांडलं. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते आणि शरीराचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, असं त्यातून निघालं. या माणसांना आपल्या कॅलरी निघून जाताहेत याचा पत्ताही नव्हता. तिथे जिद्दीचा प्रश्नच येत नाही.

हेच गणित आठ किलो उतरवणाऱ्याला लावून पाहा. भूक रोज ८०० कॅलरींनी वाढलेली, म्हणजे जवळजवळ तीन वडापाव जास्त मागणारी. शिवाय खर्च दोनेकशे कॅलरींनी कमी. अशा अवस्थेत एखाद्याने वर्षभर वजन टिकवलं असेल, तर त्याने फार मोठं काम केलेलं असतं. आपण मात्र त्या वर्षाचं कौतुक करत नाही, नंतरच्या चार महिन्यांचा दोष तेवढा लक्षात ठेवतो.

यामागची यंत्रणा आता पुष्कळशी कळली आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक (हॉर्मोन) तयार करतात. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली त्याचं जनुक शोधून काढलं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ 'दुष्काळ आला' असा लावतो. जठरातून येणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक त्याच वेळी वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांची वर्षभराने पुन्हा तपासणी केली. वजन काहीसं परत आलं होतं, तरी संप्रेरकं पहिल्या पातळीवर आली नव्हती आणि भूकही वाढलेलीच होती. झुरिकमधल्या संशोधकांचा २०२४ सालचा शोध आणखी खोलात जातो. वजन उतरल्यावर चरबीच्या पेशी आकसतात, पण कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद ठेवायची याच्या त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा पुसल्या जात नाहीत. अशा खुणा असलेल्या उंदरांना पुन्हा तुपकट खाणं दिलं, तेव्हा ते इतरांपेक्षा लवकर लठ्ठ झाले. या पेशी दरवर्षी साधारण दहा टक्के बदलल्या जातात, त्यामुळे ही आठवण एका हंगामात जाणारी नाही.

इथपर्यंतचं वाचून कोणी खचेल, म्हणून दुसरी बाजू लगेच सांगते. शरीर चांगल्या गोष्टीही लक्षात ठेवतं.

पूर्वी व्यायाम केलेल्या माणसाची ताकद नवख्यापेक्षा लवकर परत येते. ऑस्लोच्या संशोधकांना २०१० साली उंदरांमध्ये त्याचं एक कारण सापडलं. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंमध्ये वाढलेली पेशीकेंद्रकं, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारे गाभे, स्नायू रोडावल्यावरही तशीच राहतात. बंद पडलेली जिम पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा नकोसा वाटतो, पण महिन्याभरात अंगात येणारी उभारी पहिल्या वेळेपेक्षा लवकर आलेली असते.

आणि सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट सिएटलची. तिथे २०१३ साली ४३९ स्त्रियांचा वर्षभराचा आहार-व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींचं वजन पूर्वी अनेकदा उतरून परत आलेलं होतं. त्यांचं वजन या खेपेला कमी उतरलं का? इतरांच्या तुलनेत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. वारंवार डाएट करून 'मेटाबॉलिझम बिघडला, आता माझं काही उतरणार नाही' ही भीती मुंबईत जिथेतिथे ऐकू येते. ती घेऊन सुरुवात करण्याची गरज नाही.

मागच्या खेपेचे कष्टही वाया गेलेले नसतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली १२४ अभ्यास एकत्र तपासले. वजन थोडं थोडं परत येत असतानाही रक्तदाब आणि साखरेतली सुधारणा काही वर्षं टिकून राहते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडचा पुरावा तर याहून बोलका आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नियमित चालणं आणि आहारात बदल यांनी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही सरासरी वजन न उतरता! पुन्हा सुरुवात करताना वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याची टेप ठेवावी, असं मी म्हणते ते यासाठी. भारतीय पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा मानतात. कित्येकदा काटा हलत नाही, पण कंबर उतरत असते.

सुरुवात मग कशी करावी? बहुतेक जण आधीपेक्षा कडक उपाय धरतात, आणि माझा विरोध आहे तो इथे. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही जातात. अमेरिकेत मिनेसोटा इथे १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. नंतर त्यांना पोटभर मिळू लागलं, तेव्हा चरबी आधी भरून आली, पहिल्यापेक्षा जास्त झाली, आणि स्नायू मागे रेंगाळले. भूक तर महिनोन्‌महिने शमेना. आपली 'एकादशी दुप्पट खाशी' काही उगीच पडलेली नाही. त्यापेक्षा रोजच्या ताटात भात थोडा कमी करून उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा बांगडा वाढवावा. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू वाचतात. जोडीला आठवड्यातून दोनदा जोर-बैठका किंवा वजनं उचलणं हवं. पावसाळ्यात फिरणं बंद पडतं, तेव्हा इमारतीचे जिने कामाला येतात.

झोपेकडे तर आपण पाहतच नाही. विरार किंवा बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारा माणूस साडेपाच-सहा तास झोपतो. शिकागोत २०२२ साली कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या लोकांची झोप सव्वा तासाने वाढवली. आहाराबद्दल त्यांना काहीही सांगितलं नाही, तरी त्यांचं खाणं रोज सरासरी २७० कॅलरींनी घटलं. अशा माणसाला पहाटे पाचची जिम सुचवणं मला योग्य वाटत नाही. त्याने आधी रात्रीचा मोबाइल लवकर ठेवावा.

घसरण पुन्हा होणार आहे, हेही धरून चालावं. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली काही तरुणींना मिल्कशेक पाजून मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएटवाल्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण नियम एकदा मोडला होता. लग्नाच्या दोन दिवसांनंतर काटा दोन किलो जास्त दाखवतो, तेव्हा नेमकं हेच होतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दोन दिवसांत दोन किलो चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर पंधरा हजार कॅलरी खाव्या लागतील. ते दोन किलो बव्हंशी पाणी असतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साठवलेली साखर; तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, आणि खारट खाण्याने आणखी थोडं. नेहमीचं जेवण सुरू झालं की चार-पाच दिवसांत ते जातं. सोमवारची वाट पाहू नका, पुढचंच जेवण नेहमीसारखं घ्या.

वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल लोक विचारतात. ती परिणामकारक आहेत. पण त्यांतलं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आल्याचं २०२२ सालच्या पाहणीत दिसलं. औषध थांबलं की तीच जुनी भूक परत येते. म्हणून ती घ्यायचीच तर किती काळ घ्यायची, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

वजन कारण नसताना भराभर वाढलं असेल, तर थायरॉइड तपासून घ्या आणि चालू गोळ्यांमध्ये स्टेरॉइड आहे का ते विचारा. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. जेवण घटलं आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, गर्दीच्या डब्यात चक्कर येते. डोस आधी बदलून घ्यावा, खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी आणि मगच ताट बदलावं.