किल्ली खिशात ठेवून दार तपासता येत नाही

जून २०१७मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १९.८ कोटी मतदारांची माहिती इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली. नावं, पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर, सगळं. 'डीप रूट अॅनालिटिक्स' या कंपनीने ती अॅमेझॉनच्या 'एस-थ्री' या साठवण-सेवेत ठेवली होती. ती वाचायला पासवर्ड लागतच नव्हता. पत्ता माहीत असला की पुरे.

एस-थ्रीमध्ये फायली 'बकेट'मध्ये ठेवतात. कुणाला काय करता येईल हे तिथे एका ठिकाणी लिहिलेलं नसतं. बकेटची स्वतःची पॉलिसी (लेखी नियम) असते, जुन्या पद्धतीची परवानगी-यादी असते, विचारणाऱ्याच्या खात्याला मिळालेले अधिकार असतात. परवानगी दिल्याशिवाय दार बंदच, आणि कुठेही स्पष्ट नकार लिहिला असेल तर बाकीचे सगळे होकार रद्द. त्या जुन्या यादीत 'ऑथेंटिकेटेड युझर्स' नावाचा एक गट आहे. वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे आपल्या कंपनीतले, लॉगिन केलेले लोक. प्रत्यक्षात त्यात जगातला अॅमेझॉन क्लाउडचं खातं असलेला कुणीही येतो. गूगलच्या साठवण-सेवेतही अशाच नावाचा गट आहे, आणि तिथे कुणाचंही गूगल खातं चालतं. हे नाव मला धोकादायक वाटतं.

बकेट शेकड्यांनी असतील तर हे डोळ्यांनी तपासणं शक्य नाही. त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, हवी. ती प्रत्येक बकेटची परवानगी-यादी आणि पॉलिसी मागवते, शिवाय 'ही पॉलिसी सार्वजनिक आहे का?' असं एस-थ्रीलाच विचारते. इथे एक चूक फार सहज होते. स्क्रिप्टला यादी वाचायचीच परवानगी नसेल तर उत्तराऐवजी नकार येतो, आणि घाईत लिहिलेली स्क्रिप्ट तो नकार 'बकेट बंद आहे' असा धरून पुढे जाते. खरं उत्तर 'कळलं नाही' हे आहे, आणि अहवालात त्याचा रकाना वेगळा हवा.

नियम वाचून झाले तरी दार ढकलून पाहायला हवं, आणि तेही परक्याच्या हाताने. स्क्रिप्ट तुमच्या ओळखीने चालत असेल तर तुमची फाइल तुम्हाला मिळणारच. त्यातून अनोळखी माणसाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून तीच विनंती आपली ओळख पटवणारी कुठलीही सही न जोडता पाठवायची. उत्तरात २०० हा 'मिळालं' सांगणारा कोड आला तर फाइल साऱ्या जगाला उघडी आहे. ४०३ म्हणजे मज्जाव. पण या ४०३वर लगेच विसंबू नका. ज्याला बकेटमधल्या फायलींची यादी पाहायची परवानगी नाही, त्याला एस-थ्री नसलेल्या फाइलसाठीही ४०४ ('सापडलं नाही') न देता ४०३च देतं, म्हणजे फाइल आहे की नाही हेही बाहेर कळत नाही. फाइलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ४०३ येईल आणि आपण निर्धास्त होऊ. यासाठी आधी आपल्या किल्लीने, म्हणजे आपली सही जोडून, तीच फाइल मागवून २०० येतं का पाहायचं, मग किल्लीशिवाय. फाइल वाचणं, बकेटमधली यादी पाहणं आणि नवी फाइल टाकणं या तिन्ही परवानग्या वेगळ्या आहेत. एक बंद असली म्हणून बाकीच्या बंद असतील असं नाही.

'मला काय करता येईल?' हा प्रश्न वेगळा. त्यासाठी गूगलकडे 'टेस्ट आयॅम परमिशन्स' ही सोय आहे: परवानग्यांची यादी पाठवायची, त्यातल्या आपल्याकडे आहेत तेवढ्याच परत येतात. पडद्यावर 'हटवा' हे बटण दाखवायचं की नाही, हे ठरवायला ती उत्तम. प्रवेश द्यायचा की नाही, हे तिच्यावरून ठरवू नका, असं गूगल स्वतःच सांगतं. शिवाय तपासणी आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये परवानगी बदलू शकते. फाइल चढवणाऱ्या स्क्रिप्टने आधी विचारत बसण्यापेक्षा थेट चढवून पाहावं आणि नकार आला तर तो नीट हाताळावा.

नोव्हेंबर २०१८मध्ये अॅमेझॉनने सार्वजनिक प्रवेश एकदम रोखणारी सेटिंग्ज आणली, आणि एप्रिल २०२३पासून नव्या बकेटवर ती आपोआप चालू असतात. त्याआधी तयार झालेल्या बकेट मात्र त्यांच्या मालकांनी ठेवल्या तशाच आहेत. कधीकाळी कुणीतरी चाचणीसाठी उघडलेली आणि विसरलेली बकेट त्यांतच सापडते. स्क्रिप्ट पहिल्यांदा तिथे चालवा.