दुहेरी मोटरची गॅन्ट्री गुण्यात ठेवणे

सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणारा) राउटर, प्लाझ्मा कटिंग यंत्र किंवा मोठे लेझर यंत्र यांत दोन समांतर रेलांवरून पुढे-मागे सरकणाऱ्या आणि स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारा भाग) किंवा टॉर्च वाहून नेणाऱ्या आडव्या पुलास गॅन्ट्री म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र मोटर असते तेव्हा ती टोके बरोबरीने चालावीत आणि पूल रेलांशी काटकोनात राहावा, यासाठी केलेली यांत्रिक व विद्युत व्यवस्था म्हणजे गॅन्ट्री गुण्यात ठेवणे होय. एक टोक मागे पडले की यंत्रावर कापलेला आयत समांतरभुज चौकोन होतो आणि वर्तुळ किंचित लंबवर्तुळ होते. 1200 मिमी रुंदीच्या गॅन्ट्रीत 1 मिमीचा फरक असेल, तर कपाटाच्या 600 मिमी रुंदीच्या शटरची (दाराची) वरची कड अर्धा मिमी तिरकी कापली जाते आणि दोन शटर शेजारी बसवल्यावर ते नजरेला खुपते. फळी उलटी करून दोन्ही बाजूंनी काम करायचे असल्यास हीच चूक दुप्पट होऊन दिसते.

रुंद गॅन्ट्री एकाच बाजूने ढकलली, तर कपाटाचा रुंद खण एका मुठीने ओढल्यावर अडकतो तशी ती तिरपी होऊन अडकते. मधोमध एकच बॉलस्क्रू (फिरून गॅन्ट्रीला सरकवणारा आटेदार दांडा) बसवण्याचा पर्याय असतो. परंतु त्यासाठी टेबलाखालची जागा मोकळी ठेवावी लागते, आणि स्पिंडल एका टोकाला असताना कापण्याचा जोर मध्यापासून दूर लागून पूल पिळला जातोच. एका मोटरची गती आडव्या शाफ्टने किंवा पट्ट्याने दोन्ही स्क्रूंना देणे ही जुनी आणि अजूनही भरवशाची रचना आहे, कारण तिच्यात दोन बाजूंचा मेळ यांत्रिक जोडणीच राखते. तरीही सुटे भाग जोडायला सोपे पडतात म्हणून लहान-मध्यम यंत्रांत दोन स्टेपर मोटर (ठरावीक लहान पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटर) बसवण्याचा प्रघात अधिक आहे.

स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत याचे भान नसते, आणि बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. नेहमीची 1.8 अंशांची मोटर एका फेऱ्यात 200 पायऱ्या घेते व तिची चुंबकीय स्थिती दर चार पायऱ्यांनी पुन्हा तीच येते. यंत्र बंद असताना गॅन्ट्रीला धक्का लागला, तर वीज सुरू होताच रोटर (मोटरचा फिरणारा भाग) जवळच्या जुळत्या स्थितीकडे ओढला जातो, म्हणजे दोन पायऱ्यांपर्यंत कोणत्याही दिशेने सरकू शकतो. फेऱ्यामागे 10 मिमी पुढे जाणाऱ्या बॉलस्क्रूवर हे अंतर 0.1 मिमी भरते; 2 मिमी पिचच्या पट्ट्यावर 20 दात्यांची पुली असेल, तर तेच 0.4 मिमी होते. चालू कामात पायऱ्या सुटल्या तर त्या चारच्या पटीत सुटतात, म्हणून वरच्या दोन यंत्रांवर एका चुकीची किंमत अनुक्रमे 0.2 आणि 0.8 मिमी असते. दोन्ही मोटर एकाच ड्रायव्हरला (मोटरला वीजप्रवाह देणाऱ्या परिपथाला) जोडलेल्या असतील, तर हा फरक नियंत्रकाला दूर करता येत नाही. तेव्हा वीज देण्यापूर्वी पूल दोन्ही बाजूंच्या पक्क्या ठोकळ्यांना हाताने टेकवून घेणे एवढाच उपाय उरतो.

नियंत्रकाकडे वळण्यापूर्वी सांगाडा तपासावा लागतो, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. पूल दोन्ही बाजूंच्या बेअरिंग ब्लॉकांना (रेलांवरून सरकणाऱ्या ठोकळ्यांना) घट्ट आवळलेला असतो तेव्हा त्या जोडणीचा स्वतःचा एक कोन ठरलेला असतो. तो काटकोन नसेल, तर मोटर पुलाला जबरदस्तीने सरळ धरून ठेवतात: बेअरिंगवर सतत ताण राहतो, मोटर तापतात आणि वीज जाताच पूल पुन्हा आपल्या मूळ कोनाकडे वळतो. तपासणी सोपी आहे. एका बाजूच्या ब्लॉकला डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) टेकवून मोटरची वीज बंद करावी. काटा लक्षणीय हलला, तर बोल्ट सैल करून पूल आधी हाताने गुण्यात बसवावा आणि मगच पुन्हा आवळावा. एका बाजूचे दोन ब्लॉक एकमेकांपासून जितके दूर, तितका पूल तिरपा होण्यास अधिक विरोध करतो. जवळजवळ बसवलेल्या ब्लॉकांची उणीव कोणतीही आज्ञावली भरून काढू शकत नाही.

यानंतर येते स्वयंचलित होमिंग, म्हणजे यंत्राने आपली आरंभीची जागा स्वतः शोधणे. त्यासाठी दोन ड्रायव्हर आणि प्रत्येक बाजूला एक असे दोन लिमिट स्विच (पूल टोकाला पोचल्याचे कळवणारे स्विच) लागतात. दोन्ही मोटर एकत्र निघतात. ज्या बाजूचा स्विच आधी लागतो ती मोटर थांबते व दुसरी आपल्या स्विचपर्यंत चालत राहते. यंत्राच्या मोटर चालवणाऱ्या ग्रबल या आज्ञावलीच्या 2019 च्या 1.1एच आवृत्तीत ही सोय आली. पहिला स्विच लागल्यावर ठरावीक अंतरात दुसरा लागला नाही, तर यंत्र इशारा देऊन थांबते. अन्यथा बिघडलेल्या स्विचमुळे पूल मोडेपर्यंत वाकला असता. लिनक्ससीएनसी या अशाच दुसऱ्या आज्ञावलीत 2.8 आवृत्तीपासून प्रत्येक मोटरला स्वतंत्र जॉइंट मानून त्याचे होमिंगचे अंतर वेगळे देता येते, आणि होमिंगच्या क्रमांकाला ऋण चिन्ह दिल्यास शेवटची चाल दोन्ही जॉइंट एकदम करतात. स्विच दरवेळी त्याच जागी लागणे येथे निर्णायक असते. त्यावर साचलेला भुसा किंवा धातूचा चुरा थेट कोनात उतरतो.

स्विचमधील फरक किती ठेवायचा हे मोजूनच ठरवावे लागते. गवंडी पायाची आखणी करताना कर्ण मिळवतात, तीच रीत येथे लागू पडते. गॅन्ट्रीच्या दिशेने 600 आणि रेलांच्या दिशेने 800 मिमी अशा आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक छिद्रे पाडून दोन्ही कर्ण मोजावेत. ते 1000 मिमी भरले पाहिजेत. समजा, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण दुसऱ्यापेक्षा 1.2 मिमीने जास्त आहे. या आयतात कर्णांतील फरक कोनाच्या (रेडियनमधील) चुकीच्या 960 पट असतो, म्हणून चूक मीटरमागे 1.25 मिमी ठरते. गॅन्ट्री 1200 मिमी रुंद असल्यास तिचे उजवे टोक 1.5 मिमी मागच्या बाजूला सरकलेले आहे, तेवढे ते पुढच्या बाजूला घ्यावे. नंतर नव्या छिद्रांवर पुन्हा मोजावे. टेपपट्टीने एवढ्या बारीक फरकाचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे छिद्रांत घट्ट पिना बसवून लांब व्हर्निअरने मोजणे बरे. खात्रीचा मोठा गुण्या हाताशी असेल, तर त्याची एक भुजा रेलांच्या दिशेला जुळवून दुसऱ्या भुजेवरून स्पिंडलला लावलेला डायल फिरवणे अधिक जलद होते.

मोठ्या औद्योगिक यंत्रांवर सर्वो मोटर व एन्कोडर (मोटरची स्थिती मोजणारे संवेदक) असल्याने दोन्ही बाजूंची स्थिती सतत मोजली जाते. सीमेन्स व फॅनुक यांच्या नियंत्रकांत एक अक्ष प्रमुख आणि दुसरा त्याच्या मागोमाग चालणारा असतो, आणि दोघांतील तफावत ठरवलेली मर्यादा ओलांडताच यंत्र थांबते. अभियंते योराम कोरेन यांनी 1980 मध्ये दोन अक्षांच्या चुका एकमेकांशी जोडून सुधारण्याची पद्धत मांडली होती; पुढे तिचा उपयोग अशा जोडमोटरींचा मेळ राखण्यासाठीही झाला.

तापमानाचा परिणाम मात्र सर्वोलाही चुकत नाही. पोलाद मीटरमागे दर अंश सेल्सिअसला सुमारे 12 मायक्रॉन आणि ॲल्युमिनियम सुमारे 23 मायक्रॉन प्रसरण पावते. पोलादी सांगाडा आणि त्यावरचा 1200 मिमीचा ॲल्युमिनियमचा पूल दोन्ही 10 अंशांनी तापले, तर रेलांमधील अंतरापेक्षा पूल साधारण 0.13 मिमी जास्त वाढून ब्लॉकांना बाहेर रेटतो. म्हणून नेमक्या कामाच्या यंत्रांत पुलाचे एक टोक पक्के बांधतात आणि दुसऱ्या टोकाला आडव्या दिशेने थोडी लवणारी पोलादी पट्टी देतात.