अमेरिकेतल्या शाळेत मुलाला जादा मदत: टियर, मूल्यमापन आणि एक पत्र

‘तुमच्या मुलीला टियर टूमध्ये घेत आहोत’ असा शाळेचा ईमेल आला की आई-बाबांच्या पोटात आधी गोळा येतो आणि मग प्रश्न पडतो, फॉर्म कुठे भरायचा? फॉर्म नसतोच. एमटीएसएस म्हणजे मुलांना गरजेप्रमाणे तीन टियरमध्ये (पायऱ्यांत) मदत देण्याची शाळेची व्यवस्था. तिच्यासाठी पालकांना अर्ज करावा लागत नाही, डॉक्टरांचं प्रमाणपत्र किंवा व्हिसाचे कागदही द्यावे लागत नाहीत. पब्लिक स्कूलमधलं (सरकारी शाळेतलं) प्रत्येक मूल पहिल्या टियरमध्ये असतंच.

बहुतेक ठिकाणी वर्षातून तीनदा सगळ्या वर्गाची वाचन-गणिताची छोटी चाचणी होते. मागे पडणाऱ्यांना दुसऱ्या टियरमध्ये लहान गटात जादा शिकवतात. वागणुकीसाठी ‘चेक-इन चेक-आउट’ असतं. मूल सकाळी ठरलेल्या शिक्षकांना भेटतं, दिवसभर कार्डावर तासागणिक गुण मिळतात, सुटताना पुन्हा भेट होते आणि कार्ड सहीला घरी येतं. ती शिक्षा नव्हे, तेव्हा कार्ड पाहून घरी रागावू नका. तिसऱ्या टियरमध्ये जवळजवळ एकेका मुलाला वेगळं शिकवणं आणि गरजेप्रमाणे समुपदेशन.

हे सगळं चांगलंच, पण एखाद्या मुलाला अमुक मदत मिळेलच, अशी कायदेशीर हमी त्यात नाही. ती ‘आयडिया’ या अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याखालच्या आयईपीत (त्या मुलासाठी लेखी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेत) असते. ‘आधी टियर पूर्ण होऊ दे, मग बघू’ हे उत्तर ऐकून कित्येक पालक वर्षभर थांबतात. थांबायची गरज नाही. टियरचं कारण देऊन मूल्यमापन (मुलाला अक्षमता आहे का, याची शाळेने करायची तपासणी) लांबवता येत नाही, हे केंद्रीय शिक्षण खात्याने जानेवारी २०११ मध्येच राज्यांना लेखी कळवलं आहे.

म्हणून पत्र लिहा. तारीख, मुलाचं नाव, इयत्ता, घरी काय दिसतं ते दोन-चार वाक्यांत, आणि ‘स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण मूल्यमापन करावं’ ही स्पष्ट विनंती. मुख्याध्यापक आणि डिस्ट्रिक्टचं (शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक विभागाचं) स्पेशल एज्युकेशन कार्यालय, दोघांना ईमेल करा. फोनवर बोललेल्याची तारीख पुढे दाखवता येत नाही. शाळा नकार देऊ शकते, पण कारणासह लेखी.

मुदत मात्र पत्रापासून नव्हे, तुमच्या संमतीच्या सहीपासून मोजतात. केंद्रीय नियम ६० दिवसांचा आहे. राज्यांना स्वतःची मुदत ठरवता येते. टेक्सासात ती साधारणपणे शाळेचे ४५ दिवस आहे. मूल पात्र ठरलं की ३० दिवसांत आयईपीची बैठक.

पात्रतेसाठी १३ प्रकारांपैकी एखादी अक्षमता हवी आणि त्यामुळे विशेष शिकवण्याची गरजही हवी. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण) यांत बसू शकतात. नुसतं निदान पुरत नाही. आयईपी नाकारली गेली तर ‘५०४ प्लॅन’, म्हणजे अक्षमतेमुळे भेदभाव होऊ नये यासाठीच्या दुसऱ्या कायद्याखालची योजना, मागा. त्यात परीक्षेला जादा वेळ, बसण्याची वेगळी जागा अशा सवलती मिळू शकतात.

सक्तीचं कागदपत्र असं काही नाही. भारतातली प्रगतिपुस्तकं, वहीची पानं, शिक्षकांचे ईमेल, डोळे-कान तपासल्याचे अहवाल जोडलेत तर उपयोग होतो. खाजगी तज्ज्ञाचा अहवाल शाळेने विचारात घ्यावाच लागतो, मान्य करावाच असं नाही. आणि घरची भाषा मराठी असेल तर घरची भाषा विचारणाऱ्या शाळेच्या फॉर्मवर मराठीच लिहा. ‘ईएसएल’चा (इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलाचा) शिक्का नको म्हणून आपल्यातले बरेच जण इंग्रजी लिहितात. मग इंग्रजी कच्चं आहे की खरी अक्षमता आहे, हे तपासणाऱ्यांना कळायचं कसं? बैठकीला दुभाषीही मोफत मागता येतो.

मूल्यमापन फुकट असतं. निष्कर्ष पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागा. त्यांनी पैसे द्यायचे, नाहीतर आपलं मूल्यमापन योग्य आहे हे सुनावणीत सिद्ध करायचं. तपासणीला दिलेली सही म्हणजे सेवांना संमती नव्हे. सेवा सुरू करायला तुमची वेगळी सही लागते.